बंदरात अडकलेलं लाकूड

प्रिय शाहंदा,

फोनवर तू विचारतेस, "बाबा, कसे आहात?" आणि मी म्हणतो, "मजेत." त्यापुढे तोंडातून शब्दच निघत नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. फोनसारखं "आवाज येत नाहीये" म्हणून कागदावरून सुटता येत नाही.

आपली गल्ली तुला आता ओळखू यायची नाही, इतकी शांत झालीये. तू लहान असताना करवतींच्या आवाजात आम्हाला ओरडूनच बोलावं लागायचं. तुझी आई म्हणायची, इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाचा खरा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही. आता समोरच्या दुकानात बयूमी खोकला तरी मला इथे ऐकू येतं. पलंगाचे पाय त्याच्यासारखे कातणारा अख्ख्या दमयात्ता शहरात नव्हता. हल्ली तो यंत्रावर चादर टाकून दारात बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारतो. आपला पॉलिशवाला अतिया रिक्षा चालवतो. परवा त्यानेच मला बाजारातून घरी सोडलं, आणि वाटेत मला म्हणाला, "उस्ता, गिऱ्हाईक म्हणून बसा की! मालक म्हणून कशाला? सारखं आपलं सावकाश, सावकाश!" खूप हसलो दोघं. मग तो गेला आणि मी उगाच दारातच उभा राहिलो. आत जाऊन करायचं काय?

परदेशी फर्निचरवर सरकारने जबर कर बसवला, तेव्हा तू इथेच होतीस. गल्लीत मिशब्बिक मिठाईच्या पराती फिरल्या, बयूमी काठी घेऊन नाचला. तयार चिनी कपाटं बंद, आता सारा देश आपल्या दारात येणार! आलाही, काही दिवस. पण बिजागऱ्या बाहेरच्या, पॉलिश बाहेरचं, गादीचा फोम बाहेरचा. एकेकावर काही ना काही कर चढत गेला आणि पलंगाचा भाव ऐकून लोक चहासुद्धा न पिता उठू लागले. मग डॉलर आटले. बँकेने हमी दिल्याशिवाय परदेशी फळीसुद्धा आत यायची नाही, असा नियम आला, आणि बँक काही हमी देईना. बाहेरचा माल अडवा म्हणून घसा फोडून आम्हीच ओरडलो होतो. आपल्या देशात जंगल नाही, आपलं लाकूड रुमानियाहून येतं, हे त्या मिठाईच्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आपलं लाकूड बंदरापर्यंत आलं होतं. मी बघायला जायचो. जाळीबाहेरून थप्प्या दिसायच्या, पावसाने फळ्यांची टोकं काळी पडलेली. पहारेकरी चेष्टेत म्हणायचा, "उस्ता, रोज येऊन बघता, सोयरीक जुळवायचीय की काय?" एका सकाळी गेलो तर जागा मोकळी. व्यापाऱ्याने कंटाळून माल दुसऱ्या देशाला विकला होता.  पहारेकऱ्याने नुसती खुर्ची पुढे केली.

खरा घोर होता तो सित्त नजफाचा. नदीपलीकडची ही विधवा बाई. तिच्या रिहाबचं लग्न ठरलं, तेव्हा शयनघराचं सगळं सामान माझ्याकडे सांगितलं होतं. लग्न दोनदा पुढे गेलं, कारण पलंगच नाही. नवरा मुलगा कुवेतला नोकरीवर परत जायचा होता, आणि त्याच्या घरचे सोयरीक मोडायची भाषा बोलू लागले होते. बाई आली, ओरडली असती तर बरं झालं असतं. पण बसली आणि हळूच म्हणाली, "उस्ता, माझ्या पोरीला तुमच्या हातचा पलंग मिळणार असं मी सगळ्यांना सांगून बसलेय हो." मी म्हटलं, "गुरुवारी माणसं पाठवा."

शाहंदा, मी तिला आपला पलंग दिला. तुझ्या आईचा. तो मी त्या खोलीतच बांधला होता, त्यामुळे दारातून निघेना. जोड उकलावे लागले. इतका पक्का बांधला होता की स्वतःलाच शिव्या घातल्या. अतियाने रिक्षा बंद ठेवून तीन दिवस पॉलिश केलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. जुना आहे, आमच्या संसारातला आहे, हे मी बाईला सांगितलं. रिहाबने उशाकडच्या द्राक्षांच्या वेलीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काकी यावर सुखात होत्या ना?" मी "हो" म्हटलं. लग्न लागलं. मी गेलो होतो, जेवलोही. घरी आलो तर खोलीत जमिनीवर चार पायांच्या फिकट खुणा. हल्ली मी तिथेच गादी टाकून झोपतो. एवढी जागा आहे, तरी अजून एका कडेलाच झोपतो.

तू बाळंतपणाला माहेरी येणार म्हणालीस, ज्या पलंगावर जन्मले तिथेच माझं बाळ पहिल्यांदा निजवीन म्हणालीस, आणि मी फोनवर "ये, ये" म्हणत राहिलो. येऊ नकोस, पोरी. इथे पलंग नाही, तुझ्याशी दोन शब्द बोलायला बाईमाणूस नाही आणि मला धड वरणसुद्धा करता येत नाही. तुझं अस्वान लांब आहे, पण गाडी सरळ जाते. मीच तिकडे येऊ का? थोड्या दिवसांसाठी असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. एकट्याने जेवणं आता जमत नाही गं. तुझ्या नवऱ्याला विचार. तो नाही म्हणाला तर फोनवर "मजेत आहे" एवढंच सांग, मी समजेन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, तुझाच
बाबा