कारखान्यात कधीही न गेलेल्या बायका

४ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुमच्या ऑफिसचा शिक्का बघून वाटलं, तूच काही पाठवलंस. उघडलं तर तुझं किरटं अक्षर नाही, छापील मजकूर. ह्यांचे हॉस्पिटलचे कागद आणि बॅटरी कारखान्यातली नोकरीची नोंद वजनकाट्याच्या माहितीला जोडायची आहे, पत्नी म्हणून माझी हरकत आहे का, असं विचारलंय. ह्यांना जाऊन अजून वर्ष झालं नाही गं. कागद हातात धरून ओट्यापाशी किती वेळ उभी होते, दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

वजनकाट्याशी, म्हणजे तुमच्या त्या जन्मभराच्या पाहणीशी, माझं वैर नाही. ती सुरू झाली त्या दोन-तीन वर्षांत गावात जन्मलेली आम्ही सगळी पोरं त्यांच्या काट्यावर वाढलो. आधी वजन-उंची, मग शाळेतले मार्क, मग लग्न, नोकरी, रक्तदाब, झोप, घरकाम कोण करतं ते सुद्धा. हे आणि मी दोघंही त्यातलेच. तू मागाहून जन्मलीस म्हणून तुला घेईनात, तर काट्यावर ठाण मांडून बसलीस आणि भोकाड पसरलंस. आता त्यांच्याकडेच नोकरी करतेस. हौस फिटली म्हणायची.

पण हॉस्पिटलचं वेगळं. शेजारचा क्रेनवाला आठवतो ना? कारखान्याच्या डॉक्टरला त्याने विश्वासाने छातीचं दुखणं सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत त्याला क्रेनवरून उतरवून गेटवर बसवलं. ह्यांच्या मूत्रपिंडाचं आम्ही दोघांनी जिवापाड लपवलं ते त्याच धास्तीने. आता माणूस गेल्यावर ते चव्हाट्यावर मांडू? माझी हरकत आहे. तसं लिहून टाकते.

तुझ्यावर राग नाही. तूही धरू नकोस, आणि जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझी हरकत म्हणजे हरकत. भावोजींची माहिती जोडली जाणार नाही आणि कारण कुणी विचारणार नाही. पुढचं लिहिते ते तुला वळवायला नाही. मी दिवसभर काय करते ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी नीट सांगितलं नाही.

आमच्या खोलीला खिडकी नाही. आत जाताना मोबाइल, घड्याळ, पेन, सगळं दाराबाहेरच्या खणात. कागदाचा कपटाही नेता येत नाही, आणता तर नाहीच नाही. नावं-पत्ते वेगळ्याच ऑफिसात असतात. ते प्रत्येक माणसाला एक क्रमांक देतं आणि तिथे त्याचं काम संपतं. आजार, नोकरी, मृत्यू ही माहिती त्या क्रमांकाखाली, नावाशिवाय, आमच्याकडे येते. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती कधी पडत नाहीत. बाहेर जातात ते फक्त एकूण आकड्यांचे तक्ते, आणि तेही दुसऱ्यांनी तपासल्यावर. एखाद्या चौकटीत अगदी मोजकी माणसं उरली, तर ती चौकट कोरी सोडतात, म्हणजे कुणी बोट दाखवून हा अमका असं म्हणायला नको. कारखान्याने कितीही डोकं आपटलं तरी त्याला यातलं अक्षर मिळत नाही.

चूक कधी होणारच नाही असं मी म्हणणार नाही. कुलपं माणसांनीच केलेली असतात.

हे सगळं कशासाठी, तर कुठल्या कामाने कुठलं दुखणं येतं हे एकेका हॉस्पिटलला दिसत नाही म्हणून. त्यांना समोरचा एक रोगी दिसतो. गाव दिसत नाही.

पुढच्या महिन्यात शाळेच्या सभागृहात यावर सभा आहे. मी येणार नाही. धाकटी तिथे कामाला आहे म्हणून ताईचं तोंड बंद झालं, असं कुणी म्हणायला नको. तू जा आणि मनसोक्त भांड. ते तुला छान जमतं.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
टिटवी

२ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

गेले आणि भांडले. मी उठून विचारलं की उद्या कायदा बदलला, वरची माणसं बदलली, तर या सगळ्या कुलपांचं काय होणार. तुमच्या ऑफिसच्या मोठ्या बाई उत्तर द्यायला उठल्या. म्हणाल्या की उद्याचं वचन त्या देऊ शकत नाहीत. मात्र ही माहिती कोण कशासाठी वापरणार हे ठरवणाऱ्या समितीत गावातली माणसं बसतील आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच राहील, एवढं त्या लिहून देतील. गोड बोलून गुंडाळलं असतं तर मी तडक घरी आले असते.

तेवढ्यात क्रेनवाल्याची बायको उठली. ती कधी चारचौघांत तोंड उघडत नाही. पदर मुठीत धरून म्हणाली की आमच्या चाळीत सगळ्यांनी सगळं लपवलं, नवऱ्यांची दुखणी लपवली, आणि नवरे तर गेलेच. मग लपवून राखलं काय, असं तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी हरकत मागे घेतली. ह्यांची माहिती जोडा म्हटलं, आणि माझीही.

आता माझं एक काम कर. हे ओतखात्यात होते. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, जन्मभर तेच. त्या कामानेच ह्यांची मूत्रपिंडं गेली का, ते मला हवंय. डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते. तू आत बसतेस. ह्यांचं तेवढं बघ आणि मला सांग. मी कुणाजवळ बोलणार नाही, तुला माहीत आहे.

वाट बघतेय.

ताई

१० मे

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

नाही बघता येणार, ताई.

नावं नसतात हे तर लिहिलंच होतं. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. जन्माचं साल, खातं, मृत्यूचा महिना असं एकेक जुळवत बसले, तर कदाचित भावोजींचा क्रमांक मला ओळखू येईलही. म्हणूनच तसं करणार नाही अशी शपथ घेऊन आत जायचं असतं. सभागृहात ज्या बायकांनी हो म्हटलं, त्या या शपथेवर हो म्हणाल्या. तूही त्यातलीच. आज मी बहिणीसाठी एक क्रमांक शोधला, तर उद्या दुसरा कुणी आपल्या जावयासाठी शोधेल.

सगळ्या ओतखात्याचं मिळून काय ते पुढे बाहेर येईल. भावोजींचं एकट्याचं कधीच येणार नाही. हे लिहिताना मला काय वाटतंय ते तुला कळेल, अशी आशा करते.

माझ्यावरचा हात काढून घेऊ नकोस.

टिटवी

२० मे

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. समजलं. इकडे ठीक.

ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. इकडे अंगणातलं झाड छाटलं, त्यामुळे माझ्या राहत्या खोलीत ऊन येतं. काम खूप आहे. पुढचे काही आठवडे बहुधा लिहिणं होणार नाही. रुसले असं समजू नकोस.

मी बरी आहे.

टिटवी

१८ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

परवा चाळीतल्या झाडून सगळ्या घरांत आरोग्य केंद्राचं पत्र आलं. ओतखात्यातल्या माणसांनी तपासणीला यावं, हे आम्हाला अपेक्षितच होतं. पण खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की कारखान्यातले कपडे घरी धुणाऱ्या, किंवा पूर्वी धूत असलेल्या, सर्व बायकांनीही रक्त-लघवी तपासून घ्यावी. शिशाची पूड कपड्यांतून घरात येते म्हणे.

जिन्यात बायका गोळा झाल्या. कुणी हसलं, कुणी कारखान्याला शिव्या घातल्या. मी मात्र घरात येऊन तुझं ऑक्टोबरचं पत्र पुन्हा काढलं. झाड छाटलं, ऊन येतं. तुझ्या उभ्या आयुष्यात तू मला झाडाबद्दल लिहिलेलं नाहीस. आणि माझी तब्येत कशी आहे हे त्यात विचारलेलं नाही. एकदाही नाही.

तुला तेव्हा माहीत होतं. होतं ना?

काल रक्त देऊन आले. निकाल यायचाय.

ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

होतं.

आता सगळं जाहीर झालंय, त्यामुळे सांगते. सप्टेंबरमध्ये जोडलेली माहिती समोर आली. ओतखात्यातल्या पुरुषांची मूत्रपिंडं गावातल्या बाकी पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बिघडलेली निघाली. ते वाटलंच होतं. त्यांच्याशी ताडून बघायला मी एक ओळ मुद्दाम निरोगी माणसांची म्हणून घेतली, कारखान्यात कधीही न गेलेल्या बायकांची. तर ओतखात्यातल्यांच्या बायकांचा आकडाही वर चढलेला. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. शेजारच्या सहकाऱ्याला माझा आकडा न सांगता त्याच्याकडून करवलं. तोच आकडा.

मग आठवलं की फार मागे वजनकाट्याने विचारलं होतं, घरी कपडे कोण धुतं. तुम्ही सगळ्या त्या प्रश्नाला हसला होतात. त्या उत्तरावरून ओळीचे दोन भाग केले. ज्यांचे कपडे लाँड्रीत जायचे त्या बऱ्याच धडधाकट. घरी धुणाऱ्या नाहीत.

त्या ओळीत तू आहेस हे कळायला मला कुठलाही क्रमांक शोधावा लागला नाही.

बाहेर आले. खणातून मोबाइल काढला, तुझं नाव काढलं आणि उभी राहिले. मग मोबाइल परत खणात टाकला आणि मोठ्या बाईंकडे गेले. त्यांना सांगितलं की माझी सख्खी बहीण त्या चाळीत राहते, हवं तर मला या कामावरून काढा, पण हे छापून येईपर्यंत थांबता येणार नाही. त्यांनी मला त्या कामावरून काढून दुसरं काम दिलं, आणि दुसऱ्या दिवशी समिती बोलावली. कुणाचंही नाव न घेता घरोघर पत्र पाठवायचं ठरलं. आकडे बाहेरच्या माणसांकडून तपासून घेणं, मग आरोग्य खातं, मग मजकूर. त्यात आठवडे गेले.

त्या आठवड्यांत मी तुला पत्रं लिहायची आणि फाडायची. तब्येत कशी आहे हे लिहायला घेतलं की पुढचं सगळं आपोआप येईल याची भीती वाटायची, म्हणून झाडाचं लिहिलं.

माझ्याजवळ कारणं आहेत, ताई. पण तुझा निकाल वाईट आला तर त्यातलं एकही मी तुझ्यासमोर बोलणार नाही. तू जे म्हणशील ते ऐकून घेईन.

टिटवी

९ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. खूप राग आला. एवढीशी होतीस तेव्हापासून तुझ्या पोटात काही राहिलं नाही, आणि नेमकं हेच बरं राहिलं, असं वाटलं. तेव्हाच लिहायला बसले असते तर नको ते लिहून गेले असते.

आधी निकाल. शिसं आहे. मूत्रपिंडांना थोडी इजा झालीय, रक्तदाबही वाढलाय. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की या टप्प्यावर आलात म्हणून गोळ्या आणि पथ्यावर धरून ठेवता येईल. आणखी काही वर्षं अशीच गेली असती तर ह्यांच्याच वाटेला लागले असते. तेव्हा रडू नकोस.

क्रेनवाल्याच्या बायकोचं माझ्यापेक्षा बरंच पुढे गेलंय. पायांना सूज यायची, ती वयाची समजत होती. ह्यांच्या आधी तिचा नवरा ओतखात्यातच होता, क्रेनवर नंतर गेला, ते मी विसरूनच गेले होते. तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलंय. उपचार सुरू झाले.

आरोग्य केंद्रात आम्ही सगळ्या एका बाकावर बसलो होतो. मी मनाशी ताडून बघितलं. तू त्या दिवशी मला फोन केला असतास, तर मी काय केलं असतं? गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते, आणि तुझी नोकरी जायला नको म्हणून तोंडाला कुलूप लावलं असतं. क्रेनवाल्याच्या बायकोशी रोज जिन्यात बोलले असते आणि तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून गप्प बसले असते. मला ते जमलं असतं गं. लपवायची सवय आहे आम्हाला. राग तिथेच उतरला.

बाकावर आधी थट्टा चालली होती, कुणाच्या नवऱ्याचे कपडे किती मळायचे, पाणी कसं राखाडी व्हायचं. मग कोपऱ्यातली एक म्हणाली की त्याच बादलीत ती तान्ह्याची दुपटी धुवायची. आता मुलांनाही तपासणीला बोलावलंय.

काल आम्ही कारखान्याच्या गेटवर गेलो. कपडे आतच धुतले जावेत, कामगारांनी अंघोळ करूनच बाहेर पडावं, एवढी मागणी. मॅनेजर म्हणाला की विचार करू. आम्ही म्हटलं की करा, आम्ही बसतो. सतरंज्या बरोबर नेल्याच होत्या. अंधार पडायच्या आत त्याने आत बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून धुण्याची सोय होणार आहे. झाली नाही तर सतरंज्या आहेतच.

समितीत गावातून एक बाई हवी आहे. मोठ्या बाईंनी मला विचारलं. मी हो म्हटलं आहे. तू माझ्यापुढे कागद ठेवलेस तर सवलत मिळणार नाही, आताच सांगते.

ह्यांचं तेवढं राहिलं, आणि ते राहणार. त्याबद्दल मी तुला पुन्हा विचारणार नाही. संध्याकाळी हे आले की घरात पाऊल टाकायच्या आधी, दारातच शर्ट काढून माझ्या हातात द्यायचे. घर मळायला नको म्हणून. त्यांच्या मनात तेवढंच होतं, आणि तो शर्ट झटकून मीच आत आणायची. आजारपणात एकदा म्हणाले होते की दुखणं माझ्या एकट्याच्या अंगावर निभावलं, तुला काही झालं नाही, यातच सगळं आलं. तसंच समजून गेले. या सगळ्यात तेवढं मात्र बरं झालं.

सुट्टी मिळाली की ये. तुझा अंथरूण-पांघरुणाचा पेटारा उन्हात टाकलाय. माझा लोभ होता तितकाच आहे, थोडा वाढला असेल तर आपल्यातच ठेव.

तुझी,
ताई