विलायतेचा किडा आन् आपल्या ओढ्यातला

कार्तिक वद्य ५, शनिवार
वसंता, हे वाचशील तवा आधी आठव, दिवाळीला आल्ता तर देवळीत काय विसरून गेला? न्हाई ना आठवत? तुझ्या हैद्राबादच्या सरांची बाटली. आत विलायतेचा दगडाखालचा किडा, दारूत बुडालेला. सर त्याला दगडमाशीचं पिल्लू म्हणतात.
काल तुझं कार्ड आलं. सरांचं म्हणणं, असला किडा आपल्या मुलखात न्हाईच. तू म्हणाला, आमच्या ओढ्यात पाह्यलाय. समदी पोरं हसली. आता अमावास्येआधी दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचे, नसता तू खोटा ठरतोस.
माझा नातू खोटा? बघते. (मी सांगून राह्यले, सूनबाई लिहून.)

वद्य ७, सोमवार
गुडघाभर पाण्यात. दगड उलटून उलटून कंबर गेली. मंग एकाखाली घावला. दोन शेपट्या, पायाला दोन-दोन नख्या. नासू नये म्हणून मीठ-हळद लावून बरणीत.

वद्य ८, मंगळवार
दोन्ही शेजारी. विलायती काळपट, आपला पिवळाधम्मक. म्हणलं, लिही, रंग वेगळा.
सूनबाईनं टाक खाली ठेवला. "आत्याबाई, हा रंग किड्याचा का आपल्या हळदीचा?"
चाळीस वरसं लोणची घातली, हात सवयीनं चालला. ती हसली. मी बी. मंग न्हाई हसले.

वद्य १०, गुरुवार
परत ओढा. पाटलानं दोरासाठी अंबाडी भिजत घातलीय, पाणी सडलं, खाली एक किडा न्हाई. वर पार झिऱ्यापर्यंत गेले. सूनबाई मागून "पुरे, पुरे". तिथं एक. बारका, पण आहे.
हळद न्हाई. गड्याकडून मोहाची दारू मागवली. या घरात पहिल्यांदा. देवघराकडं पाठ करून बाटली भरली.

वद्य एकादशी, शुक्रवार
सोनाराचं भिंग आणलं. विलायतीच्या टाळूवर तीन ठिपके, आपल्याच्या दोन. उपाशी पोटी दहादा मोजले. सूनबाईनं वेगळे, मी वेगळे. बराबर. पायांच्या काखेतले केसांसारखे झुबके दोघांना सारखेच. आन् आपला पिवळटच निघाला, हळदीबिगर.
सख्खे का चुलत, ते सरांनी ठरवावं. मानतील का न मानतील...
उद्या तुझा बाप जालन्याहून गाडीनं निघतो, दोन्ही बाटल्या घेऊन. सूनबाई, त्याच्यासंगं धपाटे दे, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून. लोणचं बिलकुल नको. बाटल्या-बरण्यांत आपल्या विसरभोळ्या वसंताचा भरवसा न्हाई, किडा म्हणून लोणचंच सरांपुढं ठेवील.