दांडीखालचा वजनकाटा

बाबा,

गवत कापायचं यंत्र घ्यायचं आहे आणि मी चुकीचं घेणार होते. एवढंच सांगायला बसले आहे. दुपारचे दोन वाजलेत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऊन आलं आहे आणि मला झोप येते आहे. गेले पंधरा दिवस येतेच आहे.

आधी थोडं सांगावं लागेल, कारण तू गेलास तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि आपल्या इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या घरात घोडा हा विषय कधी निघालाच नव्हता. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. सहा वर्षं पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्या घेतल्या आणि मग नोकरी सोडली. का सोडली ते आई अजून विचारते. तिला दिलेल्या उत्तराहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही: दमले होते. आता मी विस्कॉन्सिनमध्ये, आईपासून दोन तासांच्या ड्राइव्हवर, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वीस एकर गवताची जमीन करते. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून जमीन माझ्याकडे आली आणि जमिनीबरोबर ओढकामाचे दोन घोडे आले. अठरा वर्षांची एक घोडी, सात वर्षांचा एक घोडा. ट्रॅक्टर त्याने आयुष्यात ठेवला नाही. गवत कापायचं, उन्हात वाळवायचं, गठ्ठे बांधून आसपासच्या घोडेवाल्यांना विकायचं, असं काम आहे. आई फोनवर म्हणाली, "अगं, लोक गाव सोडून अमेरिकेत येतात. तू अमेरिकेत राहून गावाला गेलीस!" मग म्हणाली, "घोड्यांना ब्रेक असतो का गं?" आणि शेवटी नेहमीसारखं, "त्या काकांना नमस्कार सांग." मी सांगते. म्हातारा टोपीला हात लावतो.

त्याचं जुनं कापणी यंत्र यंदा मधोमध मोडलं. घोड्यांनी ओढायची यंत्रं आजही नवी बनतात, हे तुला आवडलं असतं. इथून तासाभरावर एक वर्कशॉप आहे, तिथे दोन प्रकारची मिळतात. पहिल्यात यंत्राची चाकं फिरतात आणि त्याच फिरण्यावर बाजूची लांब दातेरी पाती चालते. घोडे मंद झाले की पातीही मंद होते, दाट गवतात अडकते. दुसऱ्यात गाडीवर एक इंजिन असतं, पाती ते चालवतं, घोड्यांनी नुसती गाडी ओढायची. वर्कशॉपवाले दोन्ही यंत्रं आठवडाभर वापरायला देतात आणि सोबत एक छापील पान देतात. रोज किती तास चालवलं, ओढ किती लागली, घोडे कसे आहेत, ते भरून परत करायचं.

माझ्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. घोडी म्हातारी आहे. ती जायबंदी झाली तर जोडी मोडेल आणि एका घोड्यावर हे शेत चालत नाही. म्हणजे तिला कमीत कमी ओढावं लागेल ते यंत्र घ्यायचं. ओढ मोजता येते. मी जुन्या नोकरीतल्या ओळखीने ताण मोजणारा एक लोड सेल मिळवला, यंत्र आणि घोडे यांच्यामध्ये अडकवला, आणि त्याआधी त्याला ओळखीची वजनं टांगून तो खरं बोलतो का ते तपासून घेतलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची मोजमापाची उपकरणं तपासली त्याची मुलगी आहे मी. आधी चाकांवर चालणारं यंत्र दोन दिवस वापरलं, मग इंजिनचं जोडलं. इंजिनच्या यंत्राला ओढ स्पष्टपणे कमी लागत होती. त्याच्या तिसऱ्या दिवशीच मी मनाशी ठरवून टाकलं. घोडी त्या तीन दिवसांत सारखी मान झटकत होती. पानावर 'घोडे कसे आहेत' या रकान्यात मी लिहिलं: माश्या. दुकानातून तिच्यासाठी डोळ्यांवर बांधायची जाळीसुद्धा आणली. जाळी घालून ती मान झटकत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या गळ्यातली जाड कॉलर चढवायला गेले तर तिने कान मागे पाडले. असं ती कधी करत नाही. आयाळीखाली, मानेच्या वरच्या अंगाला, तळहाताएवढी जागा सुजली होती. गरम लागत होती. केस घासून गेले होते. म्हातारा काठी टेकत कोठारात आला, त्याने तिथे हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तुझा डबा काय म्हणतो?" त्याने विचारलं. लोड सेलच्या आकडे दाखवणाऱ्या यंत्राला तो डबा म्हणतो.

"ओढ कमी आहे म्हणतो."

"मग तो घोडीला दाखव. तिची समजूत पटेल."

मी कॉलर परत खुंटीला टांगली. तो म्हणाला, "तीन दिवस सांगतेय ती तुला. तू तिला टोपडं आणून घातलंस."

मग त्याने विचारलं की दांडीचं वजन केलं होतंस का. दोन घोड्यांच्या मधून जी लांब दांडी जाते, तिचं पुढचं टोक त्यांच्या कॉलरींना टांगलेलं असतं. यंत्राचा भार पुढे झुकलेला असेल तर तो सगळा दांडीतून त्यांच्या मानेवर येतो. माझा लोड सेल पुढे-मागे ओढ मोजत होता. वरून खाली किती दाबलं जातंय हे त्याला कळणं शक्य नव्हतं, आणि मी ते मोजायचं ठरवलंच नव्हतं. इंजिन चाकांच्या आसाच्या पुढे बसवलेलं होतं. ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

घरात गेले आणि बाथरूममधला वजनकाटा घेऊन आले. तो लाकडी ओंडक्यावर ठेवला, दांडीचं टोक त्यावर टेकवलं. एकशे चाळीस पाउंड. गुडघ्यांवर बसून तो आकडा वाचताना मला कळलं की मी हे आधी केलेलं आहे.

मी बारा वर्षांची आहे. आपण अपार्टमेंटमधून घरात राहायला चाललो आहोत. भाड्याची ट्रेलरगाडी पार्किंगमध्ये उभी आहे, ऑगस्टमधला उकाडा आहे, आणि तू तिच्या दांडीखाली आईचा वजनकाटा सरकवून मला खाली बसवलं आहेस. आई बाल्कनीतून ओरडते, "अहो, तो माझा काटा आहे, मोडेल!" तू आत पुस्तकांची खोकी मागे ढकलतोस आणि विचारतोस, "आता?" मी आकडा ओरडून सांगते. तू एक खोकं परत पुढे घेतोस. "आता?" घामाने तुझा शर्ट पाठीला चिकटला आहे. "मागे भार झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की धुरजड," तू सांगतोस. हे शब्द तू बैलगाड्यांच्या काळातून आणले होतेस, इलिनॉयमध्ये ते कुणालाच लागत नव्हते. "दोन्ही वाईट. थोडी पुढे असावी, पण थोडीच. ओढणाऱ्याला ओढायचंही असतं आणि पेलायचंही असतं. लोक फक्त ओढायचं मोजतात." हे सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. वेळेवर आठवलं नाही, इतकंच.

दुपारी आम्ही दुसऱ्या यंत्राच्या दांडीखाली काटा ठेवला, चाकांवर चालणाऱ्या. त्याचं आसन आसाच्या मागे आहे. म्हातारा कण्हत वर चढून बसला, तसा काटा खाली येत गेला आणि तीसच्या आसपास थांबला. "बघ," तो वरून म्हणाला, "माझा अजून एवढा उपयोग आहे." मी तेच घेते आहे, पण सर्वांत आखूड पातीचं. ओढ कमी राहील. इंजिनच्या यंत्राला पुढे दोन लहान चाकं लावली तर मानेवरचा भार जातो, वर्कशॉपवाल्यांनी तेही सुचवलं. पण मग गाडी आणखी जड होते आणि आमच्या बांधांवर वळत नाही. आखूड पातीने जे काम तीन दिवसांत झालं असतं त्याला पाच लागतील. इथे सलग पाच कोरडे दिवस क्वचितच मिळतात. थोडं गवत भिजेल. घोडीला दोन आठवडे विश्रांती आहे. सूज उतरते आहे. सकाळी मी हात लावला तर तिने कान मागे पाडले नाहीत, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

वर्कशॉपचं पान आता भरून पाठवायचं आहे. त्यात इंजिनच्या यंत्राच्या चौथ्या दिवसाची ओळ रिकामी आहे, कारण त्या दिवशी मोजलंच नाही. मी चौथीत असताना शाळेसाठी महिनाभर खिडकीबाहेरचं तापमान फॅरनहाइटमध्ये लिहायचं होतं. एका शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले आणि राहून गेलं. तू पोहे खाता खाता तक्ता बघत होतास. "शनिवारी सकाळी मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. बर्फ बत्तिसाला होतो, एक्कावन्न कुठून आले?" मी म्हटलं, शुक्रवार आणि रविवारची सरासरी काढली. तू चमचा खाली ठेवलास. आवाज चढवला नाहीस. "न मोजलेलं लिहायचं नाही. जागा रिकामी सोड. रिकामी जागा खोटं बोलत नाही." आणि सगळा तक्ता मला परत उतरवायला लावलास, पेनाने. नोंद पेन्सिलीने करायची नसते, म्हणालास. तुझे पोहे थंड झाले.

म्हणून आता ते दुसरं पान. तुझ्या हृदयाच्या ऑपरेशननंतर रोज दोनदा तुझं ब्लड प्रेशर लिहून ठेवायचं होतं. ते काम मी मागून घेतलं होतं. रकाने मी आखले, पट्टा मी बांधायचे. शेवटच्या मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी तू म्हणालास, "आज राहू दे गं. दमलोय." माझी परीक्षा होती, मलाही बरंच वाटलं. दोन्ही वेळा मी खोलीत जाऊन आकडे लिहिले. आदल्या दिवसाचेच, दोन-चारचा फरक करून, खरे वाटावेत म्हणून. गुरुवारी नर्सचा फोन आला, मी वाचून दाखवले, आणि ती म्हणाली, व्हेरी स्टेडी. तू सोफ्यावरून ऐकत होतास. माझ्याकडे बघून हसलास, इंजिनिअरने इंजिनिअरकडे बघावं तसा. रविवारी तू गेलास.

मोजलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. ते कळायला लागणारे आकडे कुठेच नाहीत. आईला यातलं काही ठाऊक नाही. ते पान माझ्याकडे आहे, बारा वर्षं प्रत्येक घरात माझ्याबरोबर आलं आहे. आज ते काढून त्या दोन ओळी खोडून जागा रिकामी करायला बसले होते. जमलं नाही. पेनाने लिहिल्या आहेत.

हे पत्र मात्र मी पेन्सिलीने लिहिलं आहे.