आल्याच्या बिस्किटाचं फॉलिंगवॉटर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या नवऱ्याचं, अर्विनचं, दफन झालं. थंडी होती. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस आणि बटाट्याचं सॅलड. सगळे चांगलं बोलले. घरी परतले तर पायरीवर शेजारणींनी दुखवट्याला आणलेल्या कॅसरोलच्या, भट्टीत भाजलेल्या जेवणाच्या, काचेच्या भांड्यांची रांग! प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर भांडं परत करायला मालकिणीचं नाव. फ्रिजचं दार लागेना.

जेवणाच्या टेबलावर त्याने भाजलेले तुकडे तसेच आहेत. दर डिसेंबरला गावच्या वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी तो आल्याच्या बिस्किटांची इमारत करायचा. नेहमी वास्तुकार राइटचीच. रॉबी हाऊस छान झालं होतं. गुगनहाइम संग्रहालयाला मात्र सगळे 'सुपाचं भांडं' म्हणाले. दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. यंदा फॉलिंगवॉटर, धबधब्यावरचं घर. भिंती, सज्जे, सगळं भाजलं. जोडायचं राहिलं.

ते मी जोडणार. पण नवं काही भाजणार नाही. त्याच्या हातचं आता एवढंच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भिंती उभ्या राहिल्या. सज्जेही! नुसते हवेत, खाली काही नाही. टेकू द्यायचा नाही हा अर्विनचा नियम. "टेकू दिला की ते कोंबड्यांचं खुराडं!"

१७ नोव्हेंबर, सोमवार

नणंद डेलोरिस मदतीला आली आणि मदत करून गेली. ताटं मांडायला टेबल हवं म्हणून तिने बिस्किटाचं घर उचलून गॅरेजमध्ये ठेवलं. नोव्हेंबरात फ्रिज भरला की आम्ही सगळेच उरलंसुरलं गॅरेजमध्ये ठेवतो. पण आज धुकं होतं, गॅरेजभर ओल. सज्ज्यांनी माना टाकल्या.

"अगं इंगा, तिथं लसान्या टिकतो, मग बिस्किटाला काय धाड भरलीय?" मग जरा नरमून, "नवे भाज ना. पीठ ते पीठच!"

मी "नाही" म्हटलं. एवढंच. ती कोट घेऊन गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारचा वेंडेल शिकाऱ्याच्या भगव्या जाकिटात आला. हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस सोडून! हातात बायकोचा केस वाळवायचा ड्रायर.

"खऱ्या घराचे सज्जेसुद्धा झुकले होते, वहिनी. मागून पोलादी तारांनी ताणून धरले."

"मग?"

"मग काय, हे हुबेहूब झालंय!"

सज्जे फळीवर ठेवून दिवसभर वारा घातला. सरळ झाले. एकावर वेंडेलच्या बायकोचा लांब केस चिकटला, तो चिमट्याने काढला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सज्जे पुन्हा वाकायला लागले. शेवटी फ्रिजमधलं रिकामं झालेलं एक काचेचं भांडं पालथं घालून खाली सरकवलं आणि वरून निळ्या साखरेचा पाक ओतला. पाणी म्हणून शोभतं. टेकू आहे, पण दिसत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. गर्दी. लोक वाकून वाकून बघत होते. "अर्विनचंच काम!" मान डोलावत होते. मी खांबाजवळ उभी. आजचा दिवस ते घर उभं राहावं, बाकी काही नको.

वर्ना आली. सगळ्यांच्या दुखवट्याला ट्यूनाचं कॅसरोल नेणारी. वाकली, निळ्या साखरेकडे निरखून बघितलं, कडा नखाने खरवडली.

"अगोबाई! हे तर माझं भांडं!"

"वर्ना, नको—"

तिने ओढलं.

आधी वरचा सज्जा गेला. मग खालचा. मग भिंती. वेंडेलने टोपी काढली.

वर्ना भांडं छातीशी धरून उभी. बुडाला तिचं नाव, कोपरापर्यंत निळा पाक. "मला... उद्या ट्यूना करायचा होता," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. थांबेना! डेलोरिसला वाटलं मी रडतेय. तिने मला मिठी मारली आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली. मी तिच्या खांद्यावर हसत राहिले. नंतर हसतच होते का, सांगता येत नाही.

परीक्षकांनी बक्षिसाची फीत दिली: 'सर्वांत जिवंत धबधबा.'

७ डिसेंबर, रविवार

तुकडे खोक्यातून घरी आणले. एका सज्ज्याच्या खालच्या बाजूला अर्विनच्या अंगठ्याचा ठसा आहे. कॉफी केली. तोच तुकडा बुडवला आणि खाल्ला.

आलं जास्त झालंय.