मागची बाजू कल्पनाची

सोमवार, ३ फेब्रुवारी
बाळूभावजींनी सकाळीच चार चाकं आणून शेडच्या दारात आपटली. अलॉयची, जुन्या गाडीची. कडा खरवडलेल्या, वर कुणीतरी घरच्या घरी ब्रशने फासलेला काळा रंग. "वैनी, शनवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येनार हाय. नवी दिसली पायजेत."
दीर माझे. जुन्या गाड्या घेतात, विकतात. मी रंगकाम करते ती ही शेडही वाटणीत त्यांच्याच नावावर आली. 'हो' म्हटलं.
सोबतचा मित्र हसला. "हे बायामान्सांचं काम हाय व्हय?"
अकरा वर्षं महाळुंग्याच्या चाकांच्या कंपनीत पेंट शॉपला इन्स्पेक्शन केलंय मी. कॉन्ट्रॅक्ट संपलं, डोळे नाही संपले. तोंडावर बोलले नाही, चहा दिला. राग इथे लिहून टाकते.

मंगळवार, ४
रिमूव्हर लावला. रंग पापडासारखा फुगून वर आला. काळ्याखाली सोनेरी, त्याखाली मूळचा चंदेरी. तीन मालकांच्या तीन हौशी. हातमोजा फाटला, करंगळी पोळली. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ.
संध्याकाळी रॉकेल-खडू. रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड भुरभुरायची. कुठे तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ ओढतं. हे कंपनीत नव्हतं, तिथे मशीन होतं. हे मला थेरगावच्या एका म्हाताऱ्या वेल्डरने शिकवलं. चारही चाकं स्वच्छ.
हे काम मला आवडतं. कुणी विचारत नाही म्हणून नोंद करून ठेवते.

गुरुवार, ६
तीन झाली. प्रायमर, चंदेरी, वर चकाकीचा क्लिअर. उन्हात ठेवली तेव्हा समोरचे काका सायकल थांबवून बघत राहिले. भावजी दुपारी घेऊन गेले, गाडीला बसवलीसुद्धा. "वैनी, मानलं तुम्हाला." आयुष्यात पहिल्यांदा.
चौथ्याच्या प्रायमरला धूळ बसली होती. दुसऱ्या कुणी तसंच पुढे रेटलं असतं. मी सगळा रंग पुन्हा उतरवला.

शुक्रवार, ७
सकाळी चौथं चाक उलटं करून वाळत ठेवलं होतं. एका आऱ्याच्या मुळाशी, मागच्या बाजूला, केसाएवढी रेघ. वाटलं, ओरखडा असेल. रॉकेल लावलं, पुसलं, खडू टाकला. रेघ उमटली. बोटभर लांब.
जमिनीवरच बसले.
मंगळवारी चारही चाकं तपासली होती ना मी? तपासली. पुढून.
लाइनवर माझ्याकडे पुढची बाजू होती. मी बघायचे, सरकवायचे, शेजारी कल्पना उलटं करून मागचं बघायची. अकरा वर्षं. पुढची बाजू झाली की हात आपोआप दुसऱ्या चाकाकडे जातो. इथे शेजारी कल्पना नाही हे डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी सांगितलंच नाही.
म्हणजे ती तीनही मागून बघितलेली नाहीत. आणि आता वर रंगाचे तीन थर. त्याखाली काय आहे ते खडूला दिसणार नाही. सगळं उतरवावं लागणार.

शुक्रवारच, दुपार
भावजींना फोन केला. आधी हसले. मग, "वैनी, पुट्टी भरा न् मारा रंग. मागनं कोन बघतंय?"
"मी बघितलंय आता."
"गिऱ्हाईक उद्या येतंय!"
"येऊ द्या. आणि ती तीन काढून परत पाठवा."
फोन कट.
यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "शेड त्याची आहे, मंगल. एक चाक आहे. गप्प बस ना."
"त्या गाडीत तुम्ही बसाल? चाकण रोडला, ट्रकांच्या मधून?"
हे उठले. ताट धुऊन ठेवलं. त्यांनीच धुतलं, हेही लिहून ठेवते.

शनिवार, ८
सकाळी पहिलं काम : लाल रंगाचा डबा उघडला आणि चौथ्या चाकाला पुढून, मागून, आतून लाल फासला. कंपनीत रिजेक्ट मालाला असाच लाल लावायचे. लाल लागलं की ते परत लाइनवर येत नाही, साहेब आला तरी नाही. चाक घेऊन चालत भावजींच्या ऑफिसवर गेले. लोक बघत होते. बघू देत.
गिऱ्हाईक आलेलं होतं. आकुर्डीचं जोडपं, सोबत दोन लहान मुली. मुली आधीच मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या. भावजी डोळ्यांनी खुणावत होते. मी बाईंकडे बघून सरळ सांगितलं. या चाकाला तडा आहे. बाकीची तीन मी मागून तपासलेली नाहीत.
बाई म्हणाल्या, "मग आधीच का नाही बघितलं?"
"चुकलं माझं."
एवढंच निघालं तोंडातून. कारणं होती, पण कल्पनाचं नाव त्यांना कशाला सांगू?
त्यांच्या नवऱ्याने मुलींना खाली उतरवलं. बाई जाताना माझ्याकडे वळल्या. "तिन्ही बघून सांगा. मग ठरवू."
ते गेल्यावर भावजी माझ्यावर ओरडले, सगळ्यांसमोर. "समद्या बाजारात माझी लाज काढली! सोमवारी शेड खाली करायची. कुलूप लावनार मी."
"लावा," म्हटलं. लाल चाक उचललं आणि शेडकडे परत निघाले.

रविवार, ९
यांची सुट्टी. सकाळपासून घरात नाहीत. वाटलं, भावाची समजूत काढायला गेले. दहाच्या सुमारास ओळखीच्या टेम्पोतून उतरले. मागे तीन चाकं. भावाशी काय बोलणं झालं ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फक्त "रिमूव्हर कुठाय?" म्हणाले.
माझाच क्लिअर, माझाच चंदेरी, माझ्याच हाताने खरवडला. गुरुवारी काकांनी सायकल थांबवली होती तो रंग. रडू आलं, रडले, खरवडत राहिले.
पहिलं : पुढून, मागून स्वच्छ. दुसरं : स्वच्छ. तिसऱ्याच्या आऱ्यांच्या कोपऱ्यातला रंग निघेना. उद्या.

सोमवार, १०
सामान बांधलेलं नाही. मुद्दाम नाही.
सकाळी तिसऱ्याचा राहिलेला रंग काढला, उलटं ठेवलं, रॉकेल लावलं. पुसत होते तेवढ्यात भावजी आले. हातात नवं कुलूप, किल्ली दोऱ्याला लटकत. दारातच उभे. भिंतीवर मी खिळ्याला टांगलेलं लाल चाक त्यांनी बघितलं.
मी खडूची पूड घेतली आणि भुरभुरली.
"वैनी, मी काय बोललो होतो परवा?"
"ऐकलं होतं. थांबा जरा. रेघ यायची असली तर वेळ लागतो तिला."
कुलूप हातात धरूनच ते आत आले. आणि चाकावर वाकले. मागच्या बाजूवर.