मनोऱ्याखालचं बाकडं

दि. १४ मे, बुधवार, सकाळ

चि. ठमीस आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा आहे तसाच आहे. तू सहलीला गेल्यापासून तिकडची हवा पेपरात रोज पाहतो. काल पावसाची खूण होती. छत्री बॅगेच्या तळाशी गेली आहे, ती वर काढून ठेव. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीतच आहे ना? झोपताना पिशवी काढू नकोस. किंवा काढ, गळ्याला आवळेल. उशीखाली ठेव. पण मग सकाळी विसरशील.

परवाचे फोटो तुझ्या आईने दाखवले. चौक, कारंजं, तो दगडी पूल. मग मनोऱ्याच्या माथ्यावर काढलेला सगळ्या वर्गाचा फोटो. त्यात मी तुला दोनदा शोधलं. तुझी आई म्हणाली, "ती नाहीये त्यात, बाबा. सरांनी तिला वर नेलंच नाही. खाली बाकड्यावर बसवलं, बसच्या ड्रायव्हरशेजारी."

तुझा निरोपही तिने वाचला. "मला उंचावर चक्कर येते असं फॉर्मवर तूच लिहिलंस ना, आई? सगळे वर गेले आणि मी तासभर कबुतरं बघत बसले. आता मला फोन करू नकोस."

"मी एक अक्षर लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "शाळेनेच काहीतरी घोळ घातलाय."

मी म्हटलं, "असू दे गं, पोर चार दिवसांत विसरेल."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला?" म्हणून ती माझ्यावरच उखडली.

मला काय जातंय ते आज सांगतो.

फॉर्म तिने भरला, पण कामावर जायची घाई होती, म्हणून शाळेत नेऊन द्यायला माझ्याकडे दिला. मी चौथी पास, तरी कागद वाचल्याशिवाय हातातून सोडत नाही. चाळीस वर्षं पंक्चर काढली, ट्यूब दोनदा पाण्यात बुडवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सायकल दिली नाही. शेवटच्या पानावर 'विद्यार्थ्यास काही त्रास असल्यास' हा रकाना मोकळा होता. शाळेच्या भिंतीला कागद टेकवून लिहिलं, उंचावर चक्कर येते, वर नेऊ नये. वाटलं, कुठे कठड्यावरून वाकलीस म्हणजे? सरांनी वाचलं तसं केलं, त्यांचा दोष नाही.

इथवर लिहून चहा गार केला.

तू सहा वर्षांची असताना घरामागच्या पाण्याच्या टाकीवर चढली होतीस. तुला वर चक्कर आली आणि आजोबांनी उतरवलं, असं घरात सगळे सांगतात. तूही तेच ऐकत मोठी झालीस. ठमे, चक्कर तुला आली नव्हती. मला आली होती. तुला आणायला चढलो, मध्येच खाली पाहिलं आणि शिडीला मिठी मारून डोळे मिटले. तू वरून म्हणालीस, "आजोबा, खाली नका बघू, माझ्याकडे बघा. आता डावा पाय." एकेक पाय सांगत तू मला उतरवलंस आणि मागोमाग स्वतः उतरलीस. तोवर शेजारी जमले होते. काय झालं म्हणून विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "पोरीला चक्कर आली."

तू लहान होतीस, पुढे विसरलीस. मी विसरू दिलं. शिवाय तुला झोपाळ्यावर उभं राहू दिलं नाही, गच्चीवर जाऊ दिलं नाही, आणि दर वेळी तेच कारण पुढे केलं. सांगून सांगून मलाच ते खरं वाटू लागलं.

उद्या तुम्हाला रोपवेने डोंगरावर नेणार, असं सहलीच्या यादीत आहे. घरून लेखी आलं तर सर ऐकतील. म्हणून इथेच लिहून सही करतो.

सरांस, माझ्या नातीला कसलीही चक्कर येत नाही. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं. तिला वर न्यावे.

या पत्राचा फोटो काढून पाठवणं मला जमत नाही. तो तुझी आईच काढेल, म्हणजे आधी तीच वाचेल. दोन दिवस तिने मला वाढलं आणि मी मान खाली घालून जेवलो. आता ती आत आवरते आहे. घडी घातली तर फोटोत अक्षर नीट दिसणार नाही, म्हणून कागद उघडाच तिच्या हातात देतो.

वर वारा असेल, कान बांध. नाहीतर राहू दे, तुला हवं तसं कर.

तुला घाबरट ठरवणारा, खरा घाबरट,
तुझा आजोबा