तुझे चार ठोके

प्रिय टकटक,

आधी नीट बस, पाठीशी उशी घे. लेक वाचून दाखवत असेल तर तिला म्हणावं, सावकाश वाच, कारण मी मात्र हे धावत लिहिते आहे. अगं, मी कम्प्युटरवर चालणारे नाताळचे दिवे घेतले! मी! जिला मोबाइलचा गजर लावता येत नाही म्हणून तू इतकी वर्षं हसत आलीस, तिच्या पुढच्या खोलीत आज एक पांढरा बॉक्स, वायरींची ही मोठी गुंतवळ आणि एक लॅपटॉप पडला आहे. आमचे हे आठवडाभर ताट मांडीवर घेऊन जेवताहेत, कारण टेबल माझ्या ताब्यात आहे. ड्रायव्हरकीत उभी हयात गेली, पण इतक्या वायरी मी बसखाली घुसूनही पाहिल्या नाहीत, असं रोज एकदा म्हणतात आणि भाजीतलं कमीजास्त मीठ मुकाट्याने चालवून घेतात.

लेकीच्या गावी राहायला गेल्यापासून सात महिन्यांत तू एकदाही फोनवर आली नाहीस. लेक कधी म्हणते आई झोपलीय, कधी म्हणते आई आंघोळीला गेलीय. इतकी झोप तुला जन्मात लागली नव्हती, हे मला माहीत नाही का? पहिले दोन महिने मी चिडले होते, आता नाही चिडत. त्या झटक्यानंतर उजवा हात ऐकत नाही म्हणून तू डाव्यालाही रजा देऊन टाकलीस, चेंडू दाबायचा व्यायाम करत नाहीस, चमचाही लेकीनेच धरायचा, हेही माझ्या कानावर आलं आहे. त्यावर आज काही बोलायचं नाही असं ठरवून बसले आहे. आज फक्त दिवे.

तर दुकानात गेले. गळ्यात टेप तशीच राहिली होती, शिवणावरून उठून सरळ गेले ना. दुकानातली बाई चाळिशीची, चष्मा डोक्यावर आणि डोक्यावरचा चष्मा शोधत फिरणारी. मला लगेच आवडली. मी तिला दिवेवाली म्हणते. ती म्हणाली, पहिल्यांदा घेणारे सगळे आधी हेच विचारतात की यात रंग किती, आणि विचारायला हवं ते विचारतच नाहीत. मग मी कापड घेताना विचारते तसं उलटसुलट करून विचारायला लागले. पावसाचं पाणी आत जाईल का? मला कम्प्युटर येत नाही, तर मला हे येईल का? वायरींना डाख द्यावा लागतो की नुसता प्लग खोचला की झालं? आणि बिघडलं तर फोन उचलणारं माणूस कुणी आहे, की नुसती गाण्याची टेप ऐकत बसायचं? या शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, काकू, फोन मीच उचलते. माझ्या जिवात जीव आला.

तिच्याकडे नवे दिवे होते, त्यातला एकेक बारीक दिवा वेगळ्या रंगाचा होतो. बघून मी हरखले, खोटं कशाला बोलू! पण मग विचारलं, आमच्या जुन्या माळा चालतील का? ती म्हणाली चालतील, फक्त त्यांना रंग बदलता येणार नाही. पेटतील, विझतील, मंद होतील. म्हटलं, आम्हाला तेवढंच येतं. एका बॉक्सला आठ माळा लागतात. मी दोन बॉक्स घेतले. यांनी विचारलं दुसरा कशाला, तर म्हटलं, सगळे नवशिके एकच घेतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी परत येतात, दिवेवालीच सांगत होती. ते खरंही होतं. पण मी घेतला तो त्यासाठी नाही. निघता निघता, आत्ताच सुचल्यासारखं करून, मी तिला अजून एक गोष्ट विचारली होती. ती पुढे सांगते.

तुला आठवतात ना आपल्या फळ्या? वायरमनने करून दिलेल्या, आठ आठ बटणांच्या, एका बटणाला एक माळ. तुझी तुझ्या खिडकीत, माझी माझ्या, मध्ये गल्ली आणि गल्लीत माना इकडून तिकडे फिरवणारी माणसं. ती अकॉर्डियनची धून लावायची, आणि चार ठोके तुझं घर, चार ठोके माझं घर. सव्वीस वर्षं! मी खाकी कागदावर खडूने खुणा करून समोर चिकटवायचे आणि तू? तू कागदाकडे कधी पाहिलंच नाहीस. बोटांना माहीत असतं म्हणायचीस, टायपिंगच्या क्लासमधल्या मुलींना सांगायचीस तसं. आणि दर वर्षी अर्धा ठोका आधी घुसायचीस. माझा शेवटचा दिवा विझायच्या आत तुझा पहिला पेटलेला! किती भांडले मी त्या घाईवरून. तू म्हणायचीस, मी घाई करत नाही, तू रेंगाळतेस.

आता फजिती ऐक. लॅपटॉपवर चौकटींची जाळी असते, प्रत्येक माळेला एक आडवी ओळ, आणि ज्या चौकटीत रंग भरू त्या ठोक्याला ती माळ पेटते. हे मला दुकानातच पाच मिनिटांत समजलं. भरतकामाची नक्षीच की ती! दिवेवालीनेही तोंडात बोट घातलं. मग मी माळ्यावरून जुनी खाकी गुंडाळी काढली आणि तीन दिवस बसून खूण न् खूण त्या जाळीत उतरवली. रविवारी दिवस मावळता मावळता यांना रस्त्यावर उभं केलं, धून लावली आणि बटण दाबलं. घर झगमगलं गं! माझ्या अंगावर काटा आला. आणि चार ठोक्यांनी सगळं गुडुप. परत झगमग, परत गुडुप. धून आपली मजेत वाजते आहे आणि घर निम्मा वेळ काळोखात.

तुझ्या घरात आता दातांची डॉक्टर राहते, तीही बाहेर आली आणि म्हणाली, मावशी, फ्यूज बघा. यांनी फ्यूज बघितला. मी दिवेवालीला फोन केला. तिने खरंच उचलला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आली. बॉक्स उघडला, वायरी तपासल्या, प्लग हलवून पाहिले, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि मग चष्मा डोक्यावर सारून म्हणाली, काकू, बॉक्स ठणठणीत आहे, तुम्ही सांगितलंय तेच करतोय. या चौकटी तुम्हीच रिकाम्या सोडल्यात. मी म्हटलं, मी एकही खूण गाळलेली नाही, हवं तर कागद बघा. ती कागद बघायला लागली. धून चालूच होती, आणि मी खिडकीशी उभी. दिवे विझले आणि माझी नजर आपोआप समोर गेली, तुझ्या खिडकीकडे. सव्वीस वर्षं त्या चार ठोक्यांत मी बोट बटणावर टेकवून तुझ्याकडेच तर बघत आले!

कपाळाला हात लावला मी. माझ्या कागदावर माझा अर्धाच खेळ होता ना. तुझा अर्धा तुझ्या बोटांत, आणि बोटं तू घेऊन गेलीस. हसायला लागले आणि हसता हसता रडू फुटलं. बिचारी दिवेवाली घाबरली, पाणी आणायला धावली. नंतर म्हणाली, सोपं आहे, तुमच्याच खुणा त्या रिकाम्या जागी पुन्हा उतरवू, दहा मिनिटांचं काम. मी तिच्या हातातून लॅपटॉप काढूनच घेतला.

तिला सगळं सांगितलं, मग ती खुर्ची ओढून बसली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. दुसरा बॉक्स तुझ्या घराला लावला आहे. दातवालीने हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. उलट, पूर्वी या घराला दिवे असायचे का, म्हणून मलाच शंभर प्रश्न. हे शिडीवर, मी खाली टेप धरून, आणि तुझ्या छपराच्या कडेने तुझ्याच, माझ्या माळ्यावर राहिलेल्या आठही माळा लागल्या. खिडकीभोवतीची ती पिवळीसुद्धा, जिचा एक दिवा कायम रुसलेला असतो. तो अजून रुसलेलाच आहे, मुद्दाम बदलला नाही.

आता तो प्रश्न, जो मी दुकानातून निघता निघता विचारला होता. मी विचारलं होतं, बॉक्स इथे आणि बटण दाबणारी दुसऱ्या गावात असली तर चालतं का? चालतं! तुझ्या लेकीच्या मोबाइलवर चार मोठी बटणं उतरवली आहेत. आठ नाहीत, चारच. एकेका बटणावर दोन दोन माळा. डाव्या हाताला बोटंही तेवढीच असतात, हे तुला मी सांगायला नको. अंगठा मोजायचा नाही हे तूच शिकवायचीस. लेक मोबाइल उशीवर, तुझ्या डाव्या हाताखाली ठेवेल. धून तिकडे आणि इकडे एकाच क्षणी सुरू करायचं तिचं आणि दिवेवालीचं जमलं आहे. एकच अडचण आहे. तू बटण दाबल्यावर इथे दिवा लागायला दीड सेकंद जातो, म्हणजे प्रत्येक वेळी तुला आधीच घुसावं लागेल. दिवेवाली म्हणाली, हे लोकांना काही केल्या जमत नाही. मी म्हटलं, तुम्ही आमच्या टकटकला ओळखत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर येत नाहीस आणि गेल्या आठवड्यात तर लेकीकडून निरोप आला, आईने सांगितलंय की टाचणीला सांग, आता माझ्यात काही उरलेलं नाही. तो निरोप मी घेतलेला नाही, परत पाठवते आहे. दिवे मी हौसेने घेतले हे खरं, पण पत्र लिहायला बसले ते तुला बोलवायला. चोवीस तारखेला संध्याकाळी सात वाजता मी माझ्या खिडकीत उभी असेन. माझे चार ठोके कम्प्युटर वाजवेल, म्हणजे मला हात रिकामे ठेवून नुसतं तुझ्याकडे बघता येईल. बोट चुकलं तर चुकू दे, एकच माळ पेटली तरी पेटू दे. नाहीच दाबलंस, तरी ते चार ठोके मी भरणार नाही. गल्लीला वाटू दे बिघाड झालाय. या वर्षी, पुढच्या वर्षी, मी असेपर्यंत ते तसेच राहतील, तुझ्यासाठी काळे. मी काही कुठे जात नाही, मला रेंगाळायची सवयच आहे. तू मात्र घाई कर.

तुझीच,
टाचणी